पिंपळासारखा, पण पिंपळाचा नव्हे

पहाटेची गोदावरी. वारा पडलाय, रामकुंडाजवळचे झेंडेसुद्धा स्वस्थ आहेत. पिंपळ मात्र सळसळतोच आहे. लांब, बारीक देठ आणि त्यावर तोललेलं रुंद पान. असं पान गप्प कसं राहील?

अशीच सळसळ युरोपातल्या नदीकाठांवर ऐकू येते, ती पॉपलरची. त्यातला मला विलक्षण वाटतो तो करडा पॉपलर. शास्त्रीय नाव पॉप्युलस कॅनेसेन्स, म्हणजे राखाडी होत जाणारा.

हा संकर आहे. एका बाजूला पांढरा पॉपलर, पानाच्या पाठीवर चुन्यासारखी पांढरी लव असलेला. दुसऱ्या बाजूला ॲस्पेन, चपट्या देठामुळे जराशा झुळकीनेही थरथरणारा. लेकराने दोघांचं घेतलं. आखूड फांद्यांवरची पानं गोलसर, नागमोडी कडांची. जोमदार फुटव्यांवरची मोठी, त्रिकोणाकडे झुकणारी, पाठीला राखाडी लव. उन्हाळा सरेपर्यंत बरीचशी लव झडते. मग ओळखायचं खोडावरून: फिकट सालीवर पत्त्यांतल्या चौकटसारख्या काळ्या खुणा. सालीला हवा मिळते ती याच छिद्रांतून.

पॉपलरमध्ये नर झाड वेगळं, मादी वेगळी. करड्या पॉपलरची मादी तर क्वचितच दिसते. तरी झाड पसरतं, ते मुळांवरून. लांबवर गेलेल्या मुळांना फुटवे येतात आणि एका झाडाचं बेट होतं. बेटातली सगळी झाडं मुळात एकच. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगायला नको. डॉगरिजची, म्हणजे कलमासाठी खुंट म्हणून लावतात त्या वेलाची, काडी रोवून तोही जुनाच वेल नव्याने उभा करतो.

आता गोताचं. पानावरून नातं जोडायला जाल तर फसाल. पिंपळ हा वड-उंबराच्या घरचा, त्याची फुलं फळाच्या आत दडलेली. पॉपलरची फुलं मात्र पालवीआधी येतात, लोंबत्या तुऱ्यांमध्ये, आणि पराग वाऱ्यावर सोडतात.

त्याचं आपल्याकडचं भाऊबंद म्हणजे वाळुंज. सह्याद्रीतल्या ओढ्या-नद्यांच्या काठी, पाण्यात पाय सोडल्यासारखं उभं असलेलं. पानाची पाठ फिकट, फुलांचे तुरे, नर-मादी झाडं वेगळी. काश्मीरमध्ये ज्या विलोच्या बॅटी करतात, तोही याच घरातला.

मादी वाळुंजाचं फळ तडकलं की बारीकसं बी कापसाच्या पुंजक्यासह पाण्यावरून तरंगत निघतं. त्याला ओला गाळ लवकर सापडावा लागतो, कारण ते फार दिवस जिवंत राहत नाही.