तीस मुलं, एकशेवीस तारा

[दृश्य: शाळेचा संगीतकक्ष. अर्धवर्तुळात खुर्च्या, नोटेशनचे स्टँड. कोपऱ्यात डबल बेस.]

न्यू जर्सीतली एक सरकारी शाळा. जानेवारी महिना. सहावीच्या स्ट्रिंग ऑर्केस्ट्राचा, म्हणजे तंतुवाद्यांच्या वाद्यवृंदाचा, तास सुरू होतोय आणि बाई अजून खुंट्या पिळताहेत. हिवाळ्यात वर्गात हीटर चालतो, हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं आणि खुंट्या सैल होतात. आदल्या दिवशी सुरात लावलेली वाद्यं सकाळी उतरलेली असतात. तीस मुलं, प्रत्येकाच्या वाद्याला चार तारा, म्हणजे १२० तारा. आणि तास जेमतेम ४० मिनिटांचा.

अमेरिकेत मिडल स्कूल म्हणजे साधारण सहावी ते आठवी, अकरा ते चौदा वर्षांची मुलं. बऱ्याच शाळांत ऑर्केस्ट्रा हा गणित-विज्ञानासारखा वेळापत्रकातला विषय असतो. वाद्य दुकानातून महिन्याच्या भाड्यावर मिळतं. ते बरंच, कारण या वयात हात भराभर वाढतात आणि पाऊण मापाचं व्हायोलिन बघता बघता लहान पडतं.

[दृश्य: गज धरलेले लहान हात, एकामागून एक.]

शाळेच्या वर्गात एकत्र व्हायोलिन शिकवण्याची कल्पना अमेरिकेत मुख्यतः इंग्लंडहून आली. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी केंट परगण्यातल्या मेडस्टोन गावी शाळकरी मुलांचे असे वर्ग सुरू झाले. वाद्यं विकणाऱ्या मर्डॉक कंपनीने हप्त्यांवर स्वस्त वाद्यं दिली, आणि बघता बघता हजारो मुलं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एकत्र वाजवू लागली. बॉस्टनचे अल्बर्ट मिचेल यांनी १९१० साली इंग्लंडला जाऊन हे वर्ग पाहिले आणि परतल्यावर आपल्या शहरातल्या शाळांत ते सुरू केले. कामगाराच्या मुलाच्या हातातही व्हायोलिन येऊ शकतं, हे अशा वर्गांमुळे मोठ्या प्रमाणावर दिसलं.

आपल्याकडे संगीत शिकायचं ते गुरूसमोर बसून. गुरूने गायलेलं शिष्याने तसंच्या तसं उचलायचं. इथे चार वेगवेगळी वाद्यं पहिल्या दिवसापासून एकाच खोलीत. व्हायोलिन, त्याहून थोडा मोठा आणि खालच्या सुरांचा व्हायोला, बसून वाजवायचा चेलो आणि सगळ्यांत मोठा, सगळ्यांत खर्जातला डबल बेस. शिक्षकाची कसोटी लागते ती इथे.

जवळपास सगळे वर्ग डी मेजरपासून सुरू होतात. आपल्या भाषेत सांगायचं तर डी हा सा धरून शुद्ध स्वरांचं सप्तक. कारण सरळ आहे: डीची मोकळी तार, म्हणजे बोट न ठेवता वाजणारी, चारही वाद्यांना आहे. पण त्यापुढे वाटा फुटतात. व्हायोलिन आणि व्हायोलावर तर्जनी, मधलं बोट, अनामिका असे रे, ग, म लागतात. चेलोवर स्वरांमधलं अंतर जास्त, म्हणून तिथे तर्जनी, अनामिका, करंगळी. डबल बेसवर तर तर्जनीनंतर थेट करंगळी, आणि मध्यमासाठी पुढची मोकळी तार. वरचे नी आणि सा गाठायला बेसवाल्या मुलाला पहिल्याच सप्तकात अख्खा हात खाली सरकवावा लागतो. व्हायोलिनवाली मुलं ही सरकवासरकव बऱ्याच उशिरा शिकतात. सगळ्यांच्या कानावर एकच सप्तक पडतं, पण बेसच्या मुलाने त्यासाठी किती जास्त केलं, हे शेजारच्या कुणाला कळतही नाही. चांगले शिक्षक ते वर्गासमोर सांगतात.

[दृश्य: व्हायोलिनची पट्टी जवळून. तिच्यावर चिकटवलेल्या बारीक रंगीत टेप.]

या वाद्यांना गिटारसारखे पडदे नाहीत. म्हणून सुरुवातीला बोटांच्या जागी बारीक टेप लावतात. टेप उपयोगाची आहे, पण मूल डोळ्यांनी वाजवायला लागलं की कान झोपतो. दुसऱ्या वर्षी सी नॅचरल येतो, डीला सा मानला तर कोमल निषाद. आता मधलं बोट टेपच्या मागे, तर्जनीला चिकटून ठेवायचं. खुणेवर अवलंबून राहिलेल्या मुलांचा सूर इथेच ढळतो. त्यावर एकच उपाय: आधी गायचं, मग वाजवायचं. सरगम पाठ असलेल्या मराठी घरांतल्या मुलांकडे ही तयारी असते, फक्त ती व्हायोलिनवर वापरायची असते हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं.

गजाचं शिक्षण त्याहून अवघड. किती वजन, किती वेग, घोडीपासून किती दूर. हंगेरीत जन्मलेले तंतुवाद्य-शिक्षक पॉल रोलंड यांनी १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात शाळकरी मुलांवर प्रदीर्घ काम केलं आणि त्याचं चित्रीकरणही केलं. वादन ही अख्ख्या शरीराची हालचाल आहे आणि ती पहिल्या दिवसापासून मोकळी ठेवली पाहिजे, असं त्यांचं सांगणं. आखडलेला खांदा, आवळलेला अंगठा आधी सोडवायचा, स्वर नंतर. परीक्षा आणि कार्यक्रमाच्या घाईत नेमकं हेच मागे पडतं, याचं फार वाईट वाटतं.

[दृश्य: तालीम. बाई हात वर करून थांबवतात. फक्त व्हायोला वाजतात.]

धून बहुतेक वेळा व्हायोलिनकडे असते. व्हायोलाकडे मधले स्वर. एकटे ऐकले तर त्यांत गाणं सापडत नाही. बाई व्हायोलांना एकदा एकटं वाजवायला लावतात, मग त्यांना थांबवून तीच ओळ बाकीच्यांकडून. धून तीच, पण पोकळ. मग सगळे मिळून. बारा वर्षांच्या मुलांना स्वरांचा सुसंवाद, म्हणजे हार्मनी, काय असते, हे दोन मिनिटांत कळतं, आणि ते घरी एकट्याने सराव करून कधीच कळलं नसतं. खासगी शिकवणी आवश्यकच आहे, बोटं तिथे तयार होतात. पण दुसऱ्याचा आवाज वर यावा म्हणून आपला गज हलका करणं ऑर्केस्ट्रातच शिकता येतं. म्हणून शाळेचा ऑर्केस्ट्रा म्हणजे शिकवणीचा स्वस्त पर्याय, असं समजणाऱ्या पालकांशी आमचा मतभेद आहे.

सातवीच्या सुरुवातीला बाई व्हायोलिनच्या मुलांना विचारतात, व्हायोला कोण घेणार? नवी क्लेफ, म्हणजे कुठली रेघ कुठला स्वर हे ठरवणारी नोटेशनमधली खूण, वाचावी लागते, वाद्य जड असतं, तार जाड असते. आणि तरी दरवर्षी काही हात वर होतात.