गोठलेलं सॅल्यूत

मंडळी, राकेश शर्मांचं नाव इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. एप्रिल १९८४ मध्ये ते अंतराळात गेले. वरून भारत कसा दिसतो, असं इंदिराजींनी विचारलं आणि शर्मांनी दिलेलं उत्तर आपल्या पिढीला तोंडपाठ आहे. पण ज्या अंतराळस्थानकात ते आठवडाभर राहिले, त्याचं पुढे काय झालं, हे आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही. मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

सॅल्यूत-७ हे सोव्हिएत संघाचं सुमारे २० टनांचं स्थानक. १९८२ मध्ये ते कक्षेत गेलं. शर्मा पोचले तेव्हा किझिम, सोलोव्योव आणि डॉक्टर अत्कोव हे सोव्हिएत अंतराळवीर तिथे आधीपासून मुक्कामाला होते. ऑक्टोबर १९८४ मध्ये हे तिघं परतले आणि स्थानक रिकामं झालं. तरी जमिनीवरून त्याची देखरेख चालू होती. ११ फेब्रुवारी १९८५ ला त्याची रेडिओ यंत्रणा बंद पडली आणि ती देखरेखही संपली. स्थानक हाकेला ओ देईना. मार्चच्या सुरुवातीला तर सॅल्यूत-७ चं काम पूर्ण झाल्याचं जाहीरही करून टाकलं. आतून मात्र माणसं पाठवून ते जिवंत करायची तयारी सुरू होती.

यात अवघड काय, हे नीट समजून घेऊ. एरवी यान स्थानकाला जोडायचं तेव्हा दोघांच्या रेडिओ यंत्रणा एकमेकींना अंतर आणि वेग कळवत राहतात. इथे एक बाजू पूर्ण मुकी. तोपर्यंत असं काम कुणी केलं नव्हतं. त्यासाठी अंतराळवीर व्लादिमीर जानिबेकोव यांना निवडलं. १९८२ मध्ये याच सॅल्यूतपाशी स्वयंचलित यंत्रणेने दगा दिला होता, तेव्हा त्यांनी यान हाताने चालवून जोडलं होतं. सोबतीला व्हिक्टर साविनिख, स्थानकांच्या रचनेची खडानखडा माहिती असलेले इंजिनिअर. यानातली तिसरी खुर्ची काढली, आपोआप जोडणी करणारी यंत्रणाही काढली. त्या जागी जादा इंधन आणि पाणी भरलं. अंतर मोजायला लेझरचं उपकरण दिलं.

६ जून १९८५ ला त्यांचं यान, सोयूझ टी-१३, निघालं. दोन दिवसांनी स्थानक नजरेच्या टप्प्यात आलं, तेव्हा त्याचे सौरपंखे, म्हणजे उन्हापासून वीज बनवणाऱ्या पट्ट्या, वाकड्या कोनात, एकमेकांशी न जुळणाऱ्या दिसल्या. म्हणजे सौरपंखे सूर्याकडे वळत नव्हते आणि वीज गेली होती. शेवटचे तीन किलोमीटर जानिबेकोव यांनी हाताने यान नेलं आणि सॅल्यूतला अलगद टेकवलं. मला विचाराल तर अंतराळ प्रवासाच्या इतिहासात याच्या तोडीचं हस्तकौशल्य क्वचितच सापडेल.

दार उघडलं तर आत मिट्ट काळोख. टॉर्चच्या झोतात भिंतींवर बर्फ चमकत होतं. थंडी किती, हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्यांनी भिंतीवर थुंकून पाहिलं. थुंकी काही क्षणांत गोठली. फरच्या कोटांत आणि लोकरी टोप्यांत ते काम करू लागले. हवा खेळती ठेवणारे पंखे बंद असल्यामुळे आतली हवा हलत नव्हती, म्हणून श्वासातून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साठून राहायचा. डोकं दुखायचं, अंग जड व्हायचं. एकाने काम करावं आणि दुसऱ्याने त्याच्यावर लक्ष ठेवावं, असं चालू होतं. झोपायला ते सोयूझमध्ये परतत. पाणी मोजून प्यावं लागे, कारण स्थानकातलं पाणी दगड झालं होतं.

मूळ दोष फार क्षुल्लक निघाला. बॅटऱ्या भरल्या की चार्जिंग थांबवणारा एक सेन्सर बिघडला होता. बॅटऱ्या भरल्या आहेत, असंच तो सांगत राहिला, म्हणून सौरपंख्यांची वीज बॅटऱ्यांपर्यंत पोचलीच नाही. त्या पार उतरल्या. संपर्क तुटलेला असल्यामुळे खाली कुणाला याचा पत्ताही लागला नाही. ८ बॅटऱ्यांपैकी २ कायमच्या गेल्या होत्या. उरलेल्या ६ थेट सौरपंख्यांना जोडायचं दोघांनी ठरवलं. जाड हातमोज्यांनी तारा पिळता येईनात, म्हणून हातमोजे काढले आणि उघड्या बोटांनी एकेक तार जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली. सौरपंखे फिरत नव्हते, तेव्हा सोयूझची इंजिनं चालवून अख्खं स्थानकच सूर्याकडे वळवलं.

वीज आली, ऊब आली आणि बर्फ वितळू लागलं. आता नवं संकट उभं राहिलं. भिंती, तारा, जोडण्या, सगळीकडे पाणी पसरलं. पुसायला फडकी नव्हती, म्हणून असतील ते कपडे फाडून त्यांनी एकेक कोपरा कोरडा केला. २३ जूनला माल घेऊन आलेलं प्रोग्रेस यान स्थानकाला आपोआप जोडलं गेलं. मुकी बाजू पुन्हा बोलू लागली होती.

आपण अंतराळाचा इतिहास सांगतो तो पहिला उपग्रह, पहिला माणूस, पहिलं पाऊल असा. शाळेतल्या मुलांना तेवढंच पाठ करायला लावतो. ही दुरुस्तीही त्याच यादीत, तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहिली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. कारण माणसाला वर जाता येतं, हे गागारिन यांनी १९६१ मध्येच दाखवलं होतं. तिथे बिघडलेलं घर पुन्हा राहण्याजोगं करता येतं, हे या दोघांनी दाखवलं.

सप्टेंबरमध्ये जानिबेकोव परतले आणि साविनिख नव्या सोबत्यांबरोबर मागे राहिले. स्थानक रिकामं न करता माणसांची अशी अदलाबदल पहिल्यांदाच झाली. पुढच्या वर्षी मीर हे नवं स्थानक कक्षेत गेलं. मे १९८६ मध्ये किझिम आणि सोलोव्योव मीरवरून यान घेऊन सॅल्यूत-७ वर आले, सात आठवडे राहिले, कामाची उपकरणं उतरवून घेतली आणि ती यानात भरून पुन्हा मीरवर गेले.