माळावरची झळ आणि चारशे मिलिमीटर

(छत्रपती संभाजीनगर इथे पक्षीनिरीक्षकांच्या हिवाळी बैठकीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. फळ्यावर विषय लिहिलाय, ‘परवडणारी टेलिफोटो लेन्स कशी निवडावी’. ती निवड मी सांगणार आहे, लेन्सच्या नावानिशी सांगणार आहे. पण त्याआधी आपल्याकडच्या हवेबद्दल बोलू द्या. ती समजली नाही तर लेन्सची निवड हमखास चुकते आणि पैसे पाण्यात जातात.

माणूस नवीन ६०० मिमीची लेन्स घेतो. मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं मोठं दिसतं. गाडी काढून जायकवाडीला जातो, पोचेपर्यंत अकरा वाजतात. नाथसागराच्या, म्हणजे तिथल्या जलाशयाच्या काठावर उभं राहून दीडशे-दोनशे मीटरवरच्या पट्टकादंबांचे, म्हणजे हंसासारख्या हिवाळी पाहुण्यांचे फोटो काढतो. घरी संगणकावर बघतो तर पिसं कुठंच सुटी दिसत नाहीत, सगळं लोण्यासारखं पसरलेलं. लगेच निकाल देऊन मोकळा होतो : लेन्स ‘सॉफ्ट’ आहे. महिन्याभरात ती लेन्स निम्म्या किमतीला विकायला निघते. यात लेन्सचा काडीचाही दोष नसतो. दोष असतो दोनशे मीटरच्या हवेचा. लेन्स निवडायला शिकवणारे बहुतेक लोक या हवेचं नावही घेत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. हिरव्या, दमट, झाडीच्या मुलखातले सल्ले आपण आपल्या उघड्या माळावर जसेच्या तसे वापरतो.

आपल्या पायाखाली बेसॉल्ट आणि त्यावर काळी माती. काळं रान ऊन पितं. जमिनीलगतची हवा तापून विरळ होते आणि वर चढते, तिच्या जागी थंड हवा खाली येते. तापलेल्या आणि थंड हवेत प्रकाश सारखा वाकत नाही. त्यामुळे पक्ष्याकडून लेन्सपर्यंत येणारा किरण वाटेत शंभर ठिकाणी थोडाथोडा वाकतो, आणि प्रत्येक क्षणाला वेगळा वाकतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसणारं मृगजळ आणि ही थरथर एकाच तापलेल्या हवेची लेकरं. डोळ्याला ती दुपारी बाराला दिसते. ६०० मिमीला ती जानेवारीतही साडेनऊ-दहालाच दिसायला लागते, कारण लेन्स पक्ष्याला जितकी मोठी करते तितकीच थरथरीलाही मोठी करते. एप्रिलमध्ये साडेआठला दुकान बंद करावं लागतं.

फोकसचंही तेच. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस कडा शोधत असतो. कडाच हलत असेल तर तो मागंपुढं चाचपडत राहतो, आणि आपण म्हणतो मोटर खराब.

मग दोष हवेचा की लेन्सचा, हे ओळखायचं कसं? सोपं आहे. एकाच जागी बसलेल्या पक्ष्याचे सलग दहा फोटो घ्या, शटर सेकंदाच्या १/१००० पेक्षा वेगवान ठेवून. दहाही फोटो सारखेच धूसर असतील तर फोकस किंवा लेन्स तपासा. प्रत्येक फोटो वेगळ्या तऱ्हेने वाकडा असेल, एकात चोच नीट आणि डोळा पसरलेला, दुसऱ्यात उलटं, तर ती हवा. आणि दहाही फोटोंत पक्षी धूसर पण त्याच्या पुढचं गवत लख्ख दिसत असेल, तर लेन्स अलीकडे फोकस करतेय. त्याला इलाज आहे. निकॉन डी ७२०० किंवा कॅनन ८० डी सारख्या बॉडीत (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) फोकस सूक्ष्म जुळवायची सोय असते. डी ५६०० किंवा २०० डी मध्ये ती नाही. अशा वेळी सिग्माच्या १५०–६०० मिमीच्या झूम लेन्सला यूएसबी डॉक लावून लेन्समध्येच दुरुस्ती करता येते. टॅमरॉनच्या १५०–६०० च्या दुसऱ्या पिढीला टॅप-इन कन्सोल चालतो, पहिल्या पिढीला चालत नाही. जुनी, म्हणजे वापरलेली घेताना एवढा फरक लक्षात ठेवा.

झळ टाळता येत नाही, पण कमी करता येते. जमिनीला लागून असलेल्या पहिल्या मीटर-दीड मीटरमध्ये ती सगळ्यात जास्त असते. सध्या पोटावर झोपून फोटो काढायची पद्धत आहे. पार्श्वभूमी सुंदर येते, मान्य. पण ऊन चढल्यावर झोपून फोटो घ्यायचा तो दहा-पंधरा मीटरवरच्या धाविकाचा किंवा माळटिटवीचा. शंभर मीटरवरच्या काळविटाचा नाही. तिथं उभं राहा, बांधावर चढा. नांगरलेल्या उघड्या रानावरून नेम धरण्यापेक्षा भिजवलेल्या हरभऱ्याच्या रानावरून धरा, हवा बरीच शांत मिळते. धरणाच्या भिंतीचं दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेले दगड, तापलं की त्यावरून तिरकं बघू नका. आणि कडाक्याच्या थंडीत पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून पाण्यावरूनही थरथर येते. ‘सकाळी लवकर गेलो होतो, तरी असं का?’ हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो. त्याचं उत्तर हे.

गाडीत बसून फोटो काढणाऱ्यांनी इंजिन बंद करायचं, हीटर-एसी दहा मिनिटं आधी बंद करायचा आणि काच पूर्ण खाली घ्यायची. आतली उबदार किंवा गार हवा खिडकीतून बाहेर पडते ती नेमकी लेन्सच्या तोंडासमोरून. बॉनेटवरून तर कधीच नेम धरू नका.

आता थोडं गणित करू. फळ्यावर मांडतो, कारण ‘किती मिलिमीटर घेऊ?’ या प्रश्नाचं खरं उत्तर यात आहे. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, पक्षी किती मोठा उमटेल? लेन्सची फोकल लेंथ (म्हणजे तेच मिमी) गुणिले पक्ष्याची लांबी, भागिले अंतर. छोटा खंड्या घ्या, १७ सेंटिमीटरचा. २० मीटरवर ४०० मिमीने तो ३.४ मिमीचा उमटतो. क्रॉप सेन्सरची, म्हणजे बहुतेक परवडणाऱ्या कॅमेऱ्यांतल्या छोट्या सेन्सरची, उंची साधारण १५ मिमी, म्हणजे चौकटीचा पाचवा हिस्सा. ६०० मिमीने तो ५.१ मिमीचा होतो, चौकटीचा तिसरा हिस्सा. आणि तुम्ही ४०० मिमी घेऊनच १० मीटरवर आलात तर? ६.८ मिमी. ६०० लाही मागं टाकलं, वर हवेचा थर निम्मा झाला. २५० मिमीची साधी लेन्सही १० मीटरवरून ४.२५ मिमी देते. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीवर दर मिलिमीटरला अडीचशेच्या वर पिक्सेल पडतात, म्हणजे हजारभर पिक्सेलचा खंड्या. भिंतीवर लावायला तो भरपूर झाला.

‘पण १० मीटरवर पक्षी येऊ देतो का?’ मागं बसलेले काका मान हलवतायत, त्यांचं बरोबर आहे. आपण चालत गेलो तर नाही येऊ देत. आपण आधी बसलो आणि पक्षी आला, तर येऊ देतो. खंड्या, वेडा राघू, नीलपंख, कोतवाल यांच्या बैठका ठरलेल्या असतात. विहिरीवरची काठी, तार, बाभळीचं वाळकं टोक. उडून भक्ष्य पकडतात आणि बऱ्याचदा त्याच जागी परत येतात. बैठक हेरायची, सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरायची आणि अर्धा तास हलायचं नाही. नाथसागराची पातळी उतरत जाते तशी गाळपेराची, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पेरायची रानं उघडी पडतात आणि कादंब तिथं चरायला येतात. तिथं बांधाआड आधीच बसलेला माणूस ४०० मिमीत जे घेऊन येतो, ते काठावरून ६०० ला मिळत नाही. पाखरं जाणत्या शेतकऱ्याला भीत नाहीत, झपाझप सरळ अंगावर येणाऱ्याला भितात. म्हणून जवळ जायचंच झालं तर तिरकं जा, थांबत जा, डोळे रोखून जाऊ नका. घरट्याजवळ मात्र कुठलीच लेन्स घेऊन जायचं नाही. टिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात. तुमच्या फोटोसाठी ती अर्धा तास उठली तर अंडी उन्हात उकडतात. आणि नायगाव मयूर, गौताळा, येडशी रामलिंग घाट अशा अभयारण्यांत शिरायच्या आधी वनखात्याची परवानगी काढा.

बीनबॅगचं, म्हणजे लेन्स टेकवायच्या पिशवीचं, सांगायचं राहिलं. बाजारातली महाग घेऊ नका. जाड कापडाची पिशवी शिवून घ्या, दोन-तीन किलो ज्वारी भरा, पण ठासून भरू नका. दाणे सरकले पाहिजेत, तरच लेन्स त्यात बसते. पावसाळ्याआधी ज्वारी काढून टाका, नाहीतर पोरकिडे होतात. गाडीच्या दारावर ही पिशवी तिपाईपेक्षा कामाची.

चिठ्ठी आलीय, सात मिनिटं उरली. आता लेन्सची नावं भराभर घेतो, लिहून घ्या.

खर्च वीस हजारांच्या आत ठेवायचा असेल तर जुनी कॅनन ५५–२५० आयएस एसटीएम घ्या. वजन ३७५ ग्रॅम आणि उगाच नावं ठेवली जातात त्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. निकॉनवाल्यांनी ७०–३०० एएफ-पी व्हीआर घ्या. पण डी ३१००, डी ३२००, डी ५१०० अशा जुन्या बॉडीवर एएफ-पी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. तसंच डी ३००० आणि डी ५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून जुन्या ‘एएफ-डी’ लेन्स स्वस्तात मिळाल्या तरी हाताने फोकस करावा लागेल. ‘एएफ-एस’ बघून घ्या, त्यांच्यात मोटर लेन्समध्येच असते.

मधल्या खर्चात माझी पहिली पसंती १००–४०० ला. सिग्माची ११६० ग्रॅम, टॅमरॉनचीही जवळपास तेवढीच. हातात धरून दिवसभर फिरता येतं, मोटरसायकलवर पाठीवर नेता येते. जुनी कॅनन ४०० एफ/५.६ (एफचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी) सापडली तर सोडू नका : १२५० ग्रॅम, फोकस झटपट, उडत्या भोवत्यांसाठी, म्हणजे माळावरच्या शिकारी पक्ष्यांसाठी, उत्तम. तिला आयएस नाही, पण उडत्या पक्ष्याला शटर १/१६०० पेक्षा वेगवान लागतंच, तिथं आयएसचा उपयोग नाही. आयएस तुमच्या हाताचा कंप थांबवतं, पक्ष्याचा पंख नाही. कॅननचा मिररलेस कॅमेरा असेल तर आरएफ १००–४००, अवघी ६३५ ग्रॅम. प्रकाश कमी घेते, एफ/८, पण आपल्याकडे उन्हाची कमतरता नाही.

लाखाच्या आसपास जायचं असेल तर सिग्मा १५०–६०० कंटेम्पररी, १९३० ग्रॅम, किंवा निकॉन २००–५०० एफ/५.६, २३०० ग्रॅम. सिग्माची ‘स्पोर्ट’ २८६० ग्रॅमची आहे, ती हातात धरून चालवणं कठीण. ६०० ला एफ/६.३ ऐवजी एफ/८ वर फोटो जास्त तीक्ष्ण येतो. कॅननच्या आरएफ ६०० आणि ८०० एफ/११ हलक्या आहेत, पण छिद्र एफ/११ वरच ठरलेलं, एफ/५.६ च्या चौथाई प्रकाश. पहाटे, म्हणजे हवा शांत असते नेमकी तेव्हाच, आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, चौपट करावा लागतो. निकॉन पी ९०० आणि पी १००० चे २००० आणि ३००० मिमीचे आकडे बघून भुलू नका. लांबचा पक्षी ओळखायला कॅमेरा चांगला आहे, पण तेवढ्या अंतरावर मध्ये हवाच फोटो काढू देत नाही.

दोन गोष्टी घेऊच नका. साध्या झूमवर टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावायचं, मिमी वाढवणारं भिंग : १.४ चा एक स्टॉप (म्हणजे निम्मा प्रकाश) खातो, २ चा दोन, आणि एफ/५.६ च्या पुढे पुष्कळ डीएसएलआरचा ऑटोफोकस अडखळतो. दुसरी गोष्ट, दुकानदार लेन्सबरोबर गळ्यात मारतो तो स्वस्त यूव्ही फिल्टर. ४०० च्या पुढे तोच फोटो मऊ करतो. काढून ठेवा, संरक्षणाला हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं नळीसारखं आवरण, पुरे.

जुनी लेन्स घेताना मागच्या काचेतून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून बघा. धुळीचे चार कण चालतील, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चालणार नाही. तोंड खाली धरून झूम आपोआप घसरते का बघा. सगळ्यात लांब टोकाला, पूर्ण उघड्या छिद्रावर विटांच्या भिंतीचा फोटो घ्या आणि चारही कोपरे ताडून पाहा. एकच कोपरा मऊ असेल तर आतली काच सरकलीय. तुमच्याच बॉडीवर लावून, जवळ-लांब फोकस करून मगच पैसे द्या. अडॅप्टर लावणार असाल तर अडॅप्टरसकट. लांबणारी झूम धूळ पंपासारखी आत ओढते, म्हणून आपल्या माळावर झूम फिरवण्याआधी लेन्सची नळी कोरड्या ब्रशने पुसा. पावसाळ्यात झाकणबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि जेलचा रंग बदलला की तापवून घ्या.

वेळ संपली. उद्या सकाळी साडेपाचला इथूनच बस निघेल, पैठणला उजाडता पोचायचंय. ज्याच्याकडे जी लेन्स आहे ती आणा, अगदी किटमधली असली तरी. एकाच बगळ्याचे दहा-दहा फोटो सातला घेऊ आणि दहाला पुन्हा त्याच जागेवरून घेऊ, मग पडद्यावर शेजारी शेजारी लावू. लेन्स विकायला काढलेले दोघं-तिघं इथं बसलेत, त्यांनी उद्यापर्यंत गिऱ्हाइकाला थांबवून ठेवावं.