नाक्यावरचा इराणी आणि चार बेरी

नमस्कार श्रोतेहो.

‘तो बाहेर खातो’ असं कुणाबद्दल सांगायचं असलं की माझी आई आवाज खाली आणायची. ‘तो पितो’ म्हणतानाही तिचा आवाज तेवढाच खाली यायचा. गिरगावातली चाळ, काळ सत्तरच्या दशकातला. घरात दोन वेळचं गरम मिळत असताना माणूस हॉटेलात जातोच कशाला, हा तिचा प्रश्न, आणि त्यावर आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नसायचं. ह्या आरोपातून एकटा इराणी, म्हणजे नाक्यावरचं इराणी माणसाचं हॉटेल, सुटला होता. इराण्याकडे माणूस खायला जात नसे, चहाला जात असे. आता चहाबरोबर ब्रून मस्का आला, खारी आली, कधी खिमा पाव आला, तर तो दोष चहाचा.

मी पहिल्यांदा गेलो तो नऊ वर्षांचा असताना, डोळे तपासून येताना. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातलेले, त्यामुळे जवळचं सगळं पुसट आणि लांबचं सगळं लख्ख पांढरं. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, मला दंडाला धरून धोबी तलावापर्यंत घेऊन आले आणि मेट्रो सिनेमासमोरच्या कयानीत नेऊन बसवलं. हे हॉटेल 1904 सालचं, हे मला पुष्कळ पुढे कळलं. त्या दिवशी समोरचा कपसुद्धा दिसत नव्हता. म्हणून माझी इराण्याची पहिली आठवण डोळ्यांची नाही, हातांची आणि कानांची आहे. टेबलावरची गार काच. खुर्चीची वाकवलेली लाकडी पाठ, जिच्यावरून मी बोट फिरवत राहिलो तरी सांधा म्हणून सापडेना. आणि पाठीमागून एकदम कुणीतरी ओरडलं, ‘आगेवाला दो रुपया, पीछे बच्चा साथ में!’ मी दचकलो. अण्णा हसले. म्हणाले, ‘अरे, ते बिल आहे.’

तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. इराण्याकडचा वेटर कागदावर काही लिहीत नसे. कोणी काय खाल्लं ते त्याच्या डोक्यात. गिऱ्हाईक उठून दाराकडे निघालं की तो आतूनच गल्ल्याच्या दिशेने आकडा फेकायचा, आणि गल्ल्यावरचा शेठ मान वर न करता सुटे पैसे काढून ठेवायचा. काही ठिकाणी तर न मागताच खारी, नानकटाई, केक अशी भरलेली बशी टेबलावर यायची. खाल्लं तेवढ्याचे पैसे. उरलेली बशी पुढच्या टेबलावर. आज आरोग्य खात्याचा माणूस हे ऐकून आडवा पडेल, पण त्या बशीने आम्हाला हिशेब शिकवला. तीन खाल्ले आणि दोन सांगितले, असं माझ्या धाकट्या काकाने एकदा करून पाहिलं. शेठने दोनाचेच पैसे घेतले आणि त्याच्या हातावर आणखी एक नानकटाई ठेवली. काका परत कधी खोटं बोलला नाही असं मी म्हणणार नाही, पण त्या हॉटेलात तरी बोलला नाही.

ब्रून म्हणजे आपला कडक पाव. तो आडवा चिरायचा, आत मस्का सढळ हाताने फासायचा, मग त्याचे उभे तुकडे. नुसता खाल्ला तर टाळू सोलवटते, म्हणून तो चहात बुडवायचा. किती वेळ, ह्याचं अण्णांचं गणित ठरलेलं होतं: ‘तीन म्हणेपर्यंत पाव तुझा, चार म्हटलंस की चहाचा.’ मी नेहमी चार म्हणायचो आणि मग चमच्याने गाळ शोधायचो. बुडवून झालं की चहावर मस्क्याचे पिवळे थेंब तरंगायचे, ते आधी फुंकरीने कडेला न्यायचे आणि शेवटच्या घोटाला प्यायचे.

त्या चहाची चव घरी का येत नाही म्हणून आईने एकदा चौकशी केली होती. कारण साधं आहे. आपण घरी पाणी, दूध, साखर, आलं सगळं एका पातेल्यात उकळतो. इराण्याकडे चहाचं पाणी वेगळं उकळत असतं आणि दूध वेगळं आटत असतं, दोघांची गाठ पडते ती थेट कपात. ‘पानीकम’ म्हणून सांगितलं की दुधाचं माप वाढायचं. आईने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘दोन पातेली घासणार कोण?’

हे लोक पारशी नव्हेत, हेही अण्णांनीच सांगितलं. पारशी हजार वर्षांपूर्वीचे. इराणी आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला, बरेचसे यझ्द आणि त्याच्या आसपासच्या गावांतून. त्यांत अग्निपूजक होते तसे मुसलमानही होते. नाक्यावरची जागा आपले व्यापारी अशुभ मानायचे म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं सगळे सांगतात. असेल. पण दोन रस्त्यांना दोन दारं, दोन्हीकडून उजेड आणि दोन्हीकडून वारा, ह्यात अशुभ काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

भिंतीवर मात्र दरारा असायचा. फार वेळ बसू नये, बेसिनमध्ये केस विंचरू नयेत, शेठशी वाद घालू नये, अशा पाट्या. त्या पाटीखाली म्हातारे सकाळी सात वाजता एका कपावर बसायचे. एकच वर्तमानपत्र, त्याची पानं सुटी करून चार टेबलांवर गेलेली. अग्रलेखाचं पान हवं असेल तर समोरच्या अनोळखी माणसाच्या चहा संपण्याची वाट बघायची. ‘उठा’ हे फक्त भिंतीवर लिहिलेलं असायचं, तोंडाने कोणी म्हणत नसे. परवा मी उपनगरातल्या एका झकपक कॅफेत मित्राची वाट बघत बसलो होतो. भिंतीवर ‘निवांत बसा’ अशा अर्थाचं काहीतरी सुंदर अक्षरात रंगवलेलं. वीस मिनिटांत तीनदा एक मुलगा येऊन ‘सर, आणखी काही?’ विचारून गेला. बिचाऱ्याचा दोष नाही, त्याला तसं सांगितलेलं असणार. पण पाटी आणि माणूस ह्यांनी जागा बदलल्या एवढं खरं.

ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या मेरवानचंही थोडं सांगायलाच हवं. 1914 सालचं हॉटेल, आणि तिथला मावा केक. भल्या सकाळी गेलात तरच. कागद सोडवताना वेलचीचा वास आधी यायचा, आणि केकचा खालचा तपकिरी थर कागदाला चिकटून राहायचा. तो दातांनी खरवडून खाणं ही सभ्यता नव्हती, पण मी बँकेतल्या साहेबालाही ते करताना पाहिलं आहे. 2014 साली हे हॉटेल बंद होणार अशी बातमी पसरली तेव्हा लोकांनी निरोपाच्या रांगा लावल्या. मीही डोंबिवलीहून गेलो, रांगेत उभा राहिलो, हळवा झालो. थोड्याच दिवसांत ते पुन्हा उघडलं. वाया गेलेल्या हळवेपणाचं काय करायचं, हे कोणी सांगितलं नाही.

पुण्याच्या श्रोत्यांनी रागावू नये, डेक्कनवरचं 1935 सालचं गुडलक मला ठाऊक आहे. तिथला बन मस्काही ठाऊक आहे. पण तो मऊ असतो, आणि माझी टाळू कडक पावावर वाढलेली.

आता अण्णांच्या जेवणाची गोष्ट. अण्णा बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कचेरीत कारकून होते. रोज जाता-येता ब्रिटानियावरून जायचे. 1923 पासूनचं हॉटेल, दुपारच्या जेवणापुरतं उघडं. तीस वर्षं अण्णा त्याच्या दारावरून गेले आणि तीस वर्षं डबा खाल्ला. 1994 साली माझा पहिला पगार झाला तेव्हा मी म्हटलं, चला. पगार झाला गुरुवारी. गुरुवारी अण्णा मटण खात नसत, त्यामुळे शनिवारपर्यंत थांबलो.

आत गेल्यावर अण्णांनी मेनूकार्ड उजव्या बाजूने वाचायला घेतलं. तेवढ्यात बोमन कोहिनूर टेबलापाशी आले. ते स्वतः टेबलाटेबलाशी फिरून ऑर्डर घ्यायचे, मालक असून, आणि अगदी उतारवयापर्यंत घेत राहिले. 2019 साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी ते गेले. त्यांच्यासमोर अण्णा साहेबासमोर उभं राहिल्यासारखे खुर्चीत ताठ झाले, आणि मी काही बोलायच्या आत मटण बेरी पुलाव सांगून टाकला. सोबत लालभडक रास्पबेरी सोडा.

ताट आलं. भात, खाली मटण, वर तळलेला कांदा, काजू आणि लाल, सुरकुतलेल्या, बारीक बेरी. त्या इराणहून येतात. अण्णांनी एक चिमटीत धरून उजेडाकडे नेली. कोकणातला माणूस, आंबट वस्तू ओळखल्याशिवाय तोंडात घालत नाही. मग दातांखाली धरली. ‘आमसुलाची बहीण आहे,’ म्हणाले. त्यानंतर त्यांनी सगळ्या बेरी ताटाच्या कडेला लावून घेतल्या आणि दर दोन घासांना एक, अशा पुरवून खाल्ल्या. मी म्हटलं, ‘अण्णा, अजून एक मागवू या का?’ त्यांनी मान हलवली. बिलाचा आकडा मी त्यांना दाखवला नाही, त्यांनी विचारलाही नाही. पण बोरीबंदरपर्यंत चालताना ते म्हणाले, ‘डब्याचं काय आहे, डबा रोजच असतो.’

घरी आल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदी रुमालाची पुडी काढली आणि आईसमोर ठेवली. आत चार बेरी. आईने चष्मा लावला, एक उचलली, खाल्ली, डोळे मिटून थोडा वेळ चघळली.

‘बरी आहे,’ ती म्हणाली. ‘पण सोलकढी नाही व्हायची हिची.’

आणि उरलेल्या तिन्ही तिने खाऊन टाकल्या.