नंदाखालचा धर्मग्राम: पोर्तुगीज गेले त्यानंतर

मंडळी, वसईजवळच्या आपल्या नंदाखाल गावातल्या पवित्र आत्मा चर्चचा इतिहास विचारला की सगळे १५७३ हे साल सांगतात. साल बरोबर आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली, किल्ला झाला, मिशनरी आले आणि गावोगाव चर्चेस उभी राहिली. पण मी आज जरा वेगळा हिशेब मांडणार आहे. १५७३ ते १७३९ म्हणजे १६६ वर्षं. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, त्याला आता पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली. म्हणजे पोर्तुगीजांच्या राज्यात हा धर्मग्राम, म्हणजे चर्चभोवतीचा आपला ख्रिस्ती समाज, जेवढा जगला, त्याहून कितीतरी जास्त काळ तो त्यांच्याशिवाय जगला आहे. तरी आपण सांगतो ती पहिल्याच भागाची गोष्ट.

राज्य गेलं, युरोपियन पाद्री गेले. गोव्याचे धर्मगुरू येत राहिले, हे त्यांचं आपल्यावरचं ऋण आहे. मग पेशवाई संपली, इंग्रज आले. पोर्तुगालच्या पाद्रोआदोचा (म्हणजे इथल्या चर्चच्या कारभारावर पोर्तुगालच्या राजाला असलेल्या हक्काचा) आणि रोमने नेमलेल्या बिशपांचा अधिकाराचा वाद मुंबई परिसरात खूप वर्षं चालला. १९२८ मध्ये वसईची चर्चेस मुंबई महाधर्मप्रांताकडे आली, १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्या वादात आज शिरत नाही.

मला बोलायचंय ते वाडीतल्या माणसांबद्दल. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यावर केळी आणि पानमळे जगवायचे, भाजी-फुलं घेऊन मुंबईचा बाजार गाठायचा आणि रविवारी चर्चमधल्या उपासनेला, मिस्सेला, हजर राहायचं. आपल्याला कुपारी म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’वरून आला असं मानतात. बाप्तिस्म्याला मूल हातात धरणारा आणि त्या मुलाचा बाप यांचं जे नातं जुळतं, ते कोंपाद्रे. एका अख्ख्या समाजाला नाव मिळालं ते बाप्तिस्म्याच्या वेळी जुळणाऱ्या नात्यावरून! मला तर यात धर्मग्रामाचा सगळा इतिहास दिसतो.

आणि भाषा. घरात कादोडी ही आपली बोली, शाळेत मराठी, वेदीवर लॅटिन. माझी आजी संतांच्या लितानीला, म्हणजे एकेका संताचं नाव घेऊन म्हणायच्या प्रार्थनेला, ‘ओरा प्रो नोबिस’ असं ठणठणीत उत्तर द्यायची. ‘आमच्यासाठी विनंती कर’ हा त्याचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता, पण कोणासाठी विनंती करायची हे तिला पक्कं ठाऊक होतं. १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट दिली आणि पुढे मिस्सा मराठीत आली. तो बदल मला चर्चच्या नव्या इमारतीपेक्षा मोठा वाटतो. याच गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाचं संपादन केलं, बायबल सुबोध मराठीत आणलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं, ते याच वाटेने.

कादोडी मात्र मागे राहिली. लग्नातली गाणी म्हणणाऱ्या, लाल लुगडं नेसणाऱ्या बाया आता थोड्या उरल्यात. म्हणून जाताजाता एक विनंती. कोणाच्या पेटीत जुनी प्रार्थनापुस्तकं, लग्नाचे फोटो असतील ते घेऊन या. आणि घरात ऐंशीच्या पुढची कोणी आजी असेल, तर तिच्याजवळ मोबाइल ठेवा आणि तिला गाऊ द्या.