बिस्किटाच्या डब्यातली औषधं

नमस्कार श्रोतेहो.

लालबागच्या चाळीत राहणाऱ्या एक काकू आमच्या दवाखान्यात आल्या, त्या बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काखोटीला मारून. वय ६८. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "घरात जेवढी म्हणून औषधं आहेत तेवढी उचला आणि आतल्या मॅडमना दाखवा." आतल्या मॅडम म्हणजे मी. काकूंनी डबा टेबलावर पालथा केला, माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही कंपाउंडर ना?"

मला हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतोच आणि मी रागावत नाही. लाल मिक्स्चरच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवणारा कंपाउंडर अख्ख्या गल्लीची दुखणी जाणून असायचा. माझं काम मात्र औषध बांधून देण्याचं नाही. पेशंट घेतो ती सगळी औषधं एकत्र मांडून बघायची, एकमेकांशी त्यांचं पटतंय का ते तपासायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. हे काम करणाऱ्याला क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणतात.

आता त्या डब्याकडे येऊ. गोळ्यांच्या पट्ट्या मी पत्त्यांसारख्या लावल्या. पाच पट्ट्या, तीन डॉक्टरांच्या. टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपीन या ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या. लघवी जास्त व्हावी म्हणून फ्युरोसेमाइड. अॅसेक्लोफेनॅक ही दुखण्यावरची. आणि पोटात जळजळ होते म्हणून पँटोप्रॅझोल. चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या तर कुठेच चूक नव्हती. म्हणून मी तारखा लावून वाचल्या.

आधी अॅम्लोडिपीन पाचाची दहा मिलिग्रॅम झाली. महिन्याभरात घोट्यांवर सूज आली. ही सूज त्या गोळीमुळे येऊ शकते, डोस वाढला की जास्त. पण काकू गेल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे, आणि अॅम्लोडिपीन चालू आहे हे तिथे सांगायचं राहून गेलं. सूज दिसली, लघवीची गोळी मिळाली. अॅम्लोडिपीनची सूज त्या गोळीने फारशी उतरत नाही. रात्री तीन-तीनदा उठणं मात्र सुरू झालं. चाळीतला संडास गॅलरीच्या टोकाला, गॅलरीत अंधार, पावसाळ्यात फरशी ओली. एका रात्री पाय घसरला आणि कंबर धरली. मग हाडांचे डॉक्टर, मग अॅसेक्लोफेनॅक, मग पोटात आग आणि तिच्यासाठी आणखी एक गोळी.

एका गोळीच्या दुष्परिणामाला नवा आजार समजायचं, त्यावर दुसरी गोळी, तिच्यापायी तिसरी. यात मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि अॅसेक्लोफेनॅकच्या जातीची वेदनाशामक गोळी ही तिन्ही एकाच वेळी पोटात गेली की किडनीवर ताण येतो. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं तर जास्तच. मी डॉक्टरांना हे सगळं एका कागदावर लिहून दिलं आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालतेय का ते सांगणारी रक्ताची तपासणी, बघून घ्या, असं सुचवलं. रिपोर्टमध्ये ते थोडं वाढलेलं निघालं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. गोळी मी बंद केली नाही. तो माझा अधिकार नाही, आणि तुम्हीही हे ऐकून घरच्या घरी काही बंद करू नका. निर्णय डॉक्टरांचा. त्यांनी अॅम्लोडिपीन पुन्हा पाचावर आणली, लघवीची गोळी आणि अॅसेक्लोफेनॅक थांबवली, दुखलं तर पॅरासिटामॉल सांगितली. आणि आठवड्यातून दोनदा प्रेशर मोजायला बोलावलं.

डॉक्टरांना हे दिसलं नसतं का? दिसलं असतं, वेळ असता तर. बाहेर बाकावर माणसं ताटकळत असतात, प्रत्येकाला लोकल पकडायची असते. डबा पालथा करून बघायला अर्धा तास लागतो, आणि तो माझ्याकडे आहे.

दुसरा किस्सा थोडक्यात. गिरगावातले एक आजोबा, इन्सुलिन चालू, शुगर काही केल्या उतरेना. डोस वाढवायचं घाटत होतं. मी म्हटलं, "कसं घेता ते मला करून दाखवा." आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुतेक वेळा एका मिलीलिटरमध्ये ४० युनिटची असते आणि तिची सिरिंज लाल टोपीची. केशरी टोपीची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. मेडिकलमध्ये लाल टोपीची संपली होती म्हणून आजोबांनी केशरी आणली आणि बाटली तीच, ४० ची. वीसच्या खुणेपर्यंत ओढायचे आणि अंगात जायची फक्त ८ युनिट. त्यावर डोस वाढवला असता आणि पुढच्या महिन्यात लाल टोपीची सिरिंज पुन्हा मिळाली असती तर? शुगर धाडकन खाली येऊन आजोबा चक्कर येऊन पडले असते. तुमच्या घरी इन्सुलिन असेल तर आज बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून बघा. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तिच्यात आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. चहाबरोबर सगळं एकदम उरकायची आपल्याला भारी सवय.

आपल्याकडे फार्मसीचा कायदा १९४८ चा. फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम २००८ मध्ये सुरू झाला, आणि पेशंटला औषधाबद्दल समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम असल्याचं २०१५ च्या नियमांत लिहिलेलं आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत क्लिनिकल फार्मासिस्ट बसवायला सुरुवात झाली. आमच्या बॅचमधले बहुतेक जण कंपन्यांत गेले, कारण गल्लीतल्या दवाखान्यात आमच्यासाठी खुर्चीच नव्हती. मुंबईत २०२२ पासून महापालिकेचे 'आपला दवाखाना' सुरू झाले. तिथल्या खिडकीतून औषधं मिळतात. त्याच खिडकीशेजारी आठवड्यातून एक दुपार डबे पालथे करायला मिळाली तर खर्च एका टेबलाचा आणि दोन खुर्च्यांचा, असं आपलं माझं मत.

औषधाचा त्रास झाला तर तो सरकारलाही कळवता येतो, आणि डॉक्टरांनीच कळवायला हवं असं नाही, तुम्हीही कळवू शकता. २०१० पासून त्यासाठी देशभर कार्यक्रम चालू आहे. फोन फुकट आहे: १८०० १८० ३०२४. पुन्हा सांगते, १८०० १८० ३०२४. फोन करताना गोळीची पट्टी हाताशी ठेवा, नाव आणि बॅच नंबर विचारतात.

लालबागच्या काकू महिन्याने परत आल्या. सूज उतरली होती, रात्रीचं उठणं एकदावर आलं होतं. डबा हलका झाला होता. त्यांनी तो सवयीने पालथा केला आणि तळाशी अडकलेली वर्तमानपत्राची एक पुडी टेबलावर पडली. आत काळपट गोळ्या, ना नाव, ना तारीख.

"ही कसली?"

"ती होय? शेजारच्या वहिनींच्या गुडघ्याला लागू पडली म्हणून त्यांनी दिली. कधीची घेत्येय मी."

"मग मागच्या वेळी का नाही दाखवलीत?"

"तुम्ही औषधं आणा म्हणालात. ही कुठे डॉक्टरांनी दिलीय?"

मी पुडी पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. आणि वहिनींना गुरुवारी बोलावलंय, त्यांच्या डब्यासकट.