सतरा तारखेची सकाळ

(दृश्य: पहाटेचा अंधार. दिव्याचा उजेड फक्त उघड्या पुस्तकावर. ओळीवरून सरकणारं बोट मध्येच थांबतं, पुन्हा मागे येतं.)

निवेदन:
ओठ हलताहेत, आवाज जेमतेम. दुरून बघणाऱ्याला वाटेल, कुणीतरी स्वतःशीच पुटपुटतंय. आणि हे पुटपुटणं फार जुनं आहे. बायबलमधल्या पहिल्या स्तोत्रात परमेश्वराच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करणाऱ्याला धन्य म्हटलंय. तिथे मूळ हिब्रूत क्रियापद आहे 'हागा'. यशयाच्या पुस्तकात हेच क्रियापद शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी येतं, आणि कण्हणाऱ्या पारव्यासाठीही. आपल्याला मनन म्हटलं की मिटलेले डोळे आठवतात. स्तोत्रकर्त्याला मात्र तोंडात घोळणारे शब्द ऐकू येत होते.

प्रार्थना म्हटली की आपण मागायला सुरुवात करतो. बायबल वाचत प्रार्थना करण्याच्या या रीतीत मागणं नंतर. आधी वाचायचं, मग थांबायचं, आणि जे वाचलं त्याला उत्तर म्हणून बोलायचं.

(दृश्य: पान उलटतं. मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय दहावा.)

बाराव्या शतकात फ्रान्समधल्या कार्थुसियन या एकांतवासी ख्रिस्ती संन्याशांच्या मठात गिगो नावाचे मठाधिपती होते. त्यांनी या प्रार्थनेची चार पायऱ्यांची शिडी सांगितली: वाचन, मनन, प्रार्थना, आणि देवासमोर नुसतं असणं. समजावताना त्यांनी जेवणाची उपमा घेतली. वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थनेला त्याची चव लागते, आणि शेवटी उरतो तो निव्वळ गोडवा. जुने संन्यासी तर याला सरळ रवंथच म्हणत.

आता समोरचा घास बघू. यरीहोच्या रस्त्याकडेला आंधळा बार्तिमय भीक मागत बसलाय. येशू चाललाय हे कळताच तो ओरडतो. लोक दटावतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो. बार्तिमय अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. आणि येशू विचारतो: मी तुझ्यासाठी काय करावं, अशी तुझी इच्छा आहे?

आंधळ्याला हे विचारायचं? वाचणारा इथे अडतो. अडलंच पाहिजे. बोट मागे जातं, त्याच अध्यायात थोडं वर. तिथे याकोब आणि योहान या आपल्या शिष्यांना, दोघा भावांना, येशूने जवळजवळ याच शब्दांत हेच विचारलंय. त्यांनी मागितली उजव्या-डाव्या हाताची मानाची जागा. बार्तिमयाने मागितली दृष्टी. प्रश्न एकच, आणि आज तो पुस्तकातून वर येऊन वाचणाऱ्याकडे बघतोय. तुला काय हवंय?

पहिली उत्तरं पटापट येतात. पैसा, तब्येत, मुलांचं नीट होऊ दे. मग जीभ अडखळते. मानाची जागा आपल्यालाही हवी असतेच की. बराच वेळ काही सुचत नाही. आणि शेवटी एवढंच निघतं: 'प्रभू, मला नेमकं काय हवंय हेच दिसत नाही. ते दिसू दे.'

झाली प्रार्थना. दोन वाक्यांची. पण आज सकाळी उठताना ती मनात नव्हती.

(दृश्य: वाचनांचा तक्ता. तारखा, अध्याय, ओव्या.)

मग रोज काय वाचायचं, हे ठरवतं कोण? आवडीची वचनं आपण पुन्हा पुन्हा वाचतो, नावडती चुकवतो, हा मनुष्यस्वभाव. त्यावरचा उपाय म्हणजे वाचनक्रम. कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये नवा क्रम आणला: रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं, तर वर्षाच्या बहुतेक काळात आठवड्यातल्या इतर दिवसांच्या पहिल्या वाचनाचं दोन वर्षांचं. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या १९९२ मध्ये तयार झालेला, तीन वर्षांचाच एक सामायिक क्रम पाळतात. जर्मनीत हेर्नहूट इथल्या मोराव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीची तऱ्हा आणखी वेगळी. १७२८ साली तिचे पुढारी काउंट त्सिंत्सेनडॉर्फ यांनी तिथे रोज एक वचन देण्याची प्रथा सुरू केली. १७३१ पासून वर्षभराची वचनं छापून निघतात. जुन्या करारातलं वचन आजही चिठ्ठी काढून ठरतं आणि त्याला साजेसं नव्या करारातलं शोधलं जातं. चिठ्ठीवरचं वचन शकुन समजून वाचण्याचा मोह होतोच. पण तेच वचन त्या दिवशी हजारो लोक वाचत असतात, हे आठवलं की तो जरा ओसरतो.

स्तोत्रांची गोष्ट याहून कठीण. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी नियम घातला की मठात दीडशेच्या दीडशे स्तोत्रं आठवड्याभरात म्हणून व्हावीत. वर टोमणाही मारला: आपले पूर्वज हे एका दिवसात उरकत, आपण निदान आठवड्यात तरी करू. इंग्लंडमध्ये आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांनी १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात सामान्य माणसासाठी महिन्याची मुदत दिली. सकाळी थोडी, संध्याकाळी थोडी, तीस दिवसांत सगळी.

सगळी म्हणजे अठ्ठ्याऐंशीवंसुद्धा. स्तोत्रसंहितेत एवढं काळोखं दुसरं नसेल. इतर विलापस्तोत्रं शेवटाकडे बहुतेक आशेकडे वळतात. हे वळत नाही. हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. महिन्याच्या तक्त्यात ते येतं सतरा तारखेला सकाळी. त्या दिवशी कुणाच्या घरी लग्न असेल, कुणाला नोकरी लागली असेल. तरी ते म्हणायचं. आपल्यासाठी नसेल, तर जो आज खरोखरच त्या अंधारात आहे त्याच्यासाठी. आणि त्याला स्वतःला शब्द सुचत नसतील, तर ते आधीच लिहून ठेवलेले आहेत.

(दृश्य: वाचणारी व्यक्ती शेवटच्या शब्दावर थांबते. पानात फीत ठेवते. पुस्तक मिटतं. दिवसभराचे आवाज. मग पुन्हा तोच दिवा, तीच फीत.)

सतरा तारखेची संध्याकाळ. एकोणनव्वदावं स्तोत्र, पहिली ओवी. परमेश्वराच्या दयेची गाणी मी सर्वकाळ गाईन.